अस्वलाची बाराखडी

ताडोबाच्या कडेचं आपलं गाव, त्यामुळे बाहेरचे सगळे वाघाचंच विचारतात, पण पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना विचारून पाहा, वाघापेक्षा धाक अस्वलाचाच जास्त. मोह पडायला लागला की तेही तिथंच येतं ना. आम्ही पहिलीत असताना आमच्या बाईंनी नेमकं तेच वर्गात आणलं अन् मोह संपेपर्यंत भाषा, गणित, चित्रकला, सगळं अस्वलावरच चाललं.

आता याला थीम वगैरे म्हणतात, रेडिमेड वर्कशीट मिळतात. माझ्या पोरीच्या वर्कशीटवरचं अस्वल बर्फात झोपलेलं होतं. अरे, आपलं अस्वल काळं, झिपरं, छातीवर पांढुरका पट्टा, अन् ते कुठं हिवाळाभर झोपतं?

बाईंनी पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही, अस्वल काय खातं ते घरी विचारून या एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फळा भरला, मोह, टेंभरं, बोरं, जांभळं, मध, मुंग्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जण उठला, "बाई, आमचा आजा म्हनते अस्वल वारूळ फोडते अन् उधई ओढते, फुर्रफुर्र आवाज दूरवर येते." वर्ग खो खो हसला. बाई नाही हसल्या. त्यांनी सांगितलं, आजोबा बरोबर बोलले, या अस्वलाला वरचे समोरचे मधले दोन दात नसतातच, नाकपुड्या मिटून घ्यायच्या, आधी फुंकर मारून माती उडवायची अन् मग त्या फटीतून उधई, म्हणजे वाळवी, ओढायची.

आता पहिलीचा वर्ग म्हणजे अर्ध्या पोरांचे समोरचे दात पडलेले! बाईंनी कागदावर मुरमुरे पसरले, हात मागे बांधायला लावले अन् म्हणाल्या, ओढा. बोळक्या पोरांचा एवढा भाव मी परत कधी पाहिला नाही, एरवी त्यांना चिडवणारे आम्ही दातवाले हरलो. एकाला ठसका लागला, बाईंनी पाठ थोपटली, मग मुरमुरे बंद अन् नुसते कागदाचे कपटे उडवणं सुरू.

गणितही तसंच. एका पायाला पाच नखं तर चार पायांना किती, मोजून २० आली अन् पाचाचा पाढा तिथंच पाठ झाला. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते म्हणून मैदानात पाठीवर पिल्लू घेऊन शर्यत, त्यात माझा गुडघा फुटला ते वेगळं.

पण बाईंनी अस्वलाला गोंडस नाही होऊ दिलं, हे मला आज जास्त मोठं वाटतं. गावात अस्वलानं फाडलेली माणसं होती, ते पोरांपासून काय लपवणार? अस्वल अचानक समोर माणूस पाहून बिथरतं, म्हणून जंगलात एकटं जायचं नाही, जाताना बोलत, आवाज करत जायचं, हे त्यांनी गाण्यासारखं घोकून घेतलं. आमच्या आईला मीच ते शिकवलं, ती म्हणाली, "मले नको शिकवू, मी तुह्या जन्माआधीपासून जातो मोहाले."

एकदा साहेब तपासणीला आले. अस्वलाला काय आवडतं, म्हणून त्यांनी विचारलं, त्यांना 'मध' हे उत्तर पाहिजे होतं, अख्खा वर्ग ओरडला, "उधई!" साहेब बाईंकडे पाहत राहिले अन् आम्ही न सांगताच फुर्रफुर्र करून दाखवायला लागलो.

कोळसा घासून केलेले ते मुखवटे घातलेला वर्गाचा एक फोटो होता. कोणाजवळ असेल तर ग्रुपवर टाका, बाईंना पाठवायचा आहे.