गाडीची भावकी

पंपावर डिझेल भरताना, पासिंगच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं भाताचं ताट धरून, मला हा प्रश्न विचारलाय : "दादा, ती निळी टाटा मोबाईल तुमचीच न्हवं? तिला पार्ट मिळतात तरी कुठं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

मिळत नाहीत. म्हणजे टाटा मोबाईलचे म्हणून मिळत नाहीत. सुमोचे मिळतात आणि ते बसतात. माझी गाडी रस्त्यावर आहे ती एवढ्यावर.

टाटा मोबाईल, म्हणजे २०६, ही टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, १९८८ची गाडी. तोवर ट्रक आणि बस बनवणाऱ्या कंपनीनं काढलेली ही छोटी पिकअप. तिच्याच सांगाड्यावर पुढं १९९१ला सिएरा आली, १९९२ला इस्टेट, १९९४ला सुमो आणि १९९८ला सफारी. पत्रा वेगळा, रुबाब वेगळा, पण खाली वाकून बघितलं की घराणं कळतं. यातली सिएरा आणि इस्टेट हौशी लोकांकडे गेल्या, पण सुमो वडापाला, म्हणजे माणशी पैसे घेऊन प्रवासी न्यायला, लागली. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात एक पिढी सुमोत कोंबून बाजाराला गेली आहे. ती गाडी २०१९पर्यंत बनत होती. त्यामुळे आज महामार्गालगतच्या कुठल्याही भंगाराच्या अड्ड्यावर जा, कोपऱ्यात एखादी सुमो कापलेली दिसतेच.

म्हणून जुनी गाडी घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारला की मी सांगतो, गाडी नंतर बघा, आधी तिची भावकी बघा. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राचे टेम्पो आले होते, त्यातला एखादा अल्विन निसान किंवा डीसीएम टोयोटा अजून कुठं शेडमध्ये नीट उभा दिसला की मला मालकाचं वाईट वाटतं. इंजिन फक्कड असतं, पण एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, गेलं की शोधायचं कुठं? लेथवर बनवून घ्या. तेही होतं आपल्याकडे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय होत नाही! पण दर वेळी लेथवर जाणारी गाडी धंद्याला उपयोगाची नाही, आणि माझी गाडी धंद्यालाच आहे. उसाच्या रोपांचे ट्रे पोचवतो मी. हौस म्हणून उभी करायला माझ्याकडे वेगळी जागा नाही.

माझी गाडी एका गुळाच्या व्यापाऱ्याकडची. घेताना इंजिन चालू करून बघायचं मी मनावर घेतलं नाही, कारण इंजिन बदलता येतं. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बदलता येत नाही. खाली पडून हातोडीनं ठोकत गेलो आणि जिथं आवाज बद्द आला तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं. चांगल्या पत्र्यावर नुसता ओरखडा येतो, कुजलेल्यात टोक आत जातं. आमच्या भागात यात एक खास भानगड आहे. मालवण, रत्नागिरीहून मासळी आणणाऱ्या गाड्या स्वस्तात निघतात, वरून रंग मारलेल्या, चकचकीत. बर्फाचं खारं पाणी मागच्या हौद्यातून, म्हणजे माल भरायच्या जागेतून, गळून वर्षानुवर्षं चासीवर पडलेलं असतं. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथं चासीला रिबेट केलेले असतात तिथं बोट घालून बघा, पापुद्रे हातात येतील. खताची वाहतूक केलेली गाडीही तसलीच. गूळवाल्याची गाडी चिकट असते, मुंग्या असतात, पण लोखंड शाबूत असतं.

आता भंगारातून पार्ट घेण्याबद्दल. लोकांना वाटतं तिथं नुसती घासाघीस करायची असते. भाव शेवटी ठरतो, आधी माल वाचता यायला हवा. गिअर बॉक्सचं सांगतो. उद्यमनगरातले चाचा, ज्यांच्याकडे माझी गाडी उभी होती, ते माझ्याबरोबर अड्ड्यावर आले होते. अड्डेवाला गिअर बॉक्सवर थोपटून म्हणाला, "एकदम ओके हाय, घेऊन जावा." चाचांनी हूं की चूं केलं नाही. खिशातून पाना काढला, खालचा ऑइलचा बोल्ट सैल केला आणि तळहातावर थोडं ऑइल घेतलं. "मालक, इकडं उन्हात या." अंगठ्यानं ऑइल तळहातावर पसरलं. काळ्या ऑइलात सोनेरी चमक दिसली की ती पितळेची, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजल्यात. तेवढं चालतं, रिंगा नव्या मिळतात. चंदेरी कण दिसले, बोटांना कचकच लागली, तर बेअरिंग किंवा गिअरचे दात बोललेत, तो बॉक्स तिथंच ठेवायचा. आणि ऑइल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, पावसात उघडा पडून होता. मग इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडचा दांडा, धरून वर-खाली हलवायचा, एकेक गिअर टाकून हातानं फिरवायचा. हे सगळं होईपर्यंत अड्डेवाल्याचा भाव आपोआप उतरलेला असतो.

दुसरी गोष्ट मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो : पार्ट घेताना त्याचं खटलं सगळं घ्या. पॉवर स्टिअरिंग हे माझ्या गाडीतलं सगळ्यात मोठं सुख. भरल्या गाडीनं करूळ घाटाची वळणं साध्या स्टिअरिंगवर घेतलीत तर गगनबावड्यापर्यंत खांदे भरून येतात. सुमोचं पॉवर स्टिअरिंग २०६ला बसवता येतं. पण नुसता स्टिअरिंग बॉक्स आणि पंप उचलून आणलात तर फसलात. पंप इंजिनला धरून ठेवणारी ब्रॅकेट, क्रँकवरची जादा खाचेची पुली, ऑइलची डबी, जाड नळ्यांची टोकं, बॉक्सखालचा पिटमन आर्म (चाकं वळवणाऱ्या रॉडला ढकलणारा दांडा), आणि हे सगळं ज्या बोल्टांनी आवळलं होतं ते बोल्टसुद्धा त्याच गाडीचे घ्यायचे. ब्रॅकेट म्हणजे दिसायला किरकोळ लोखंडाचा तुकडा, पण तो नसला की फॅब्रिकेटर अंदाजानं बनवतो, पुली एका सूतानं बाहेर बसते आणि पट्टा महिन्याला एक खातो. शिवाय स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला, मग तो आर्म असो की रॉड, वेल्डिंग किंवा गॅसची आच लावू द्यायची नाही. कुणी कितीही म्हणो, "काय होत न्हाई ओ."

काही वस्तू भंगारात सोन्याच्या मिळाल्या तरी नकोत. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरची रबरं, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, सील, क्लच प्लेट हे सगळं नवं, पावतीसकट. अपघातातल्या गाडीचे सीट बेल्ट तर मुळीच नाहीत, एकदा ताण बसलेला पट्टा दुसऱ्यांदा धरेल याची खात्री नसते. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारबद्दल, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्यांबद्दल, मी थोडा धर्मसंकटात असतो. नवे सहज मिळत नाहीत. घ्यायचेच तर डावा-उजवा बघून घ्या, त्यांना पीळ एकाच बाजूनं मुरवलेला असतो, अदलाबदल चालत नाही. आणि अंगावर छिन्नीचा एखादा घाव असेल तर सोडून द्या, बार तिथूनच तुटतो.

इंजिनाच्या बाबतीत आकड्यांवर लक्ष ठेवा. टाटांच्या इंजिनाच्या नावातच माप असतं. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. १९४८ सीसीचं हे इंजिन २०६मध्ये आणि सुमोत. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७चा बोअर, २९५६ सीसी. ते पुढं २०७ डीआय या टाटांच्याच पिकअपला आलं. आणि जुन्या ट्रकमधलं ६९७ म्हणजे त्याच ९७ बोअरचे सहा. अड्ड्यावर "पिकअपचं इंजिन हाय" म्हणून ४९७ गळ्यात मारायला बघतात. चांगलं इंजिन आहे ते, ताकदीचं, पण माझ्या गाडीच्या कागदात ते नाही.

कागदाचं जरा नीट सांगायला हवं, कारण दुसरा हमखास प्रश्न असतो, "सफारीचं टर्बो का टाकलं नाही?" सफारीत हेच ४८३ टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावून सुमारे ९० अश्वशक्तीचं केलं होतं. साध्या इंजिनापेक्षा वीस-बावीसनं जास्त. मोह होतो. पण मग रेडिएटर मोठा हवा, क्लच वेगळा हवा, आणि ब्रेक? जोर वाढवायचा आणि थांबायचं जुन्याच ब्रेकवर, हे मला पटत नाही. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आहे. नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये हे ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी घ्यायची, बदलून झाल्यावर नाही. तेवढ्याच ताकदीचं, त्याच इंधनाचं, त्याच जातीचं इंजिन असलं की काम सोपं होतं. त्या इंजिनाची पावती हवी, आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रीतसर रद्द झालेली हवी. पावती न देणाऱ्या अड्ड्यावरचं इंजिन मी फुकट दिलं तरी घेणार नाही. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर नंबर माझ्या चासीवर बसलेला असणार. आणि मालवाहू गाडी आठ वर्षांवरची झाली की दरवर्षी पासिंग असतं. दरवर्षी इन्स्पेक्टरच्या समोर उभं राहायचं तर कागद आणि इंजिन यांनी एकच सांगायला हवं.

बाकी सुधारणा किरकोळ आहेत, पण एक सगळ्यांनी करावी अशी. जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणते असतात म्हणून लोक मोठे बल्ब टाकतात आणि वायरिंग जाळून घेतात. दोष बल्बचा नसतो. दोन्ही हेडलाइट ६० वॅटचे धरले तर दहा अँपिअर करंट डॅशबोर्डावरच्या जुनाट स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो आणि वाटेतच दमतो. दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच, टाका, बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट दिव्यापर्यंत न्या, स्विचकडे फक्त रिले चालू करायचं काम ठेवा. रिलेचे सॉकेट मी भंगारातल्या गाडीतून काढले, रिले आणि वायर नवी. त्याच बल्बांचा उजेड रस्त्यावर असा पडला की आमच्या घरच्यांनी विचारलं, काय नवीन बसवलंत?

मागचा डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा, मात्र मी मूळचाच ठेवला. सुमोचा टाका, गाडी पळेल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. घेण्याआधी दोन्ही चाकं हवेत धरून एकत्र एक फेरी फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअर बॉक्सकडून मागं येणाऱ्या लांब दांड्याच्या, किती फेऱ्या होतात ते मोजा. फेऱ्या कमी तर गाडी सपाटीला पळेल आणि भरली की चढाला रडेल. मला रोपांचे ट्रे घेऊन पळायचं नाही, निम्मी रोपं वाऱ्यानंच वाळतील.

खर्चाचं विचाराल तर नव्या पिकअपच्या किमतीच्या जवळपासही गेलेला नाही, पण भंगार म्हणजे फुकट असंही समजू नका. पार्टांपेक्षा मजुरी आणि पत्राकाम जास्त खातं. हौद्याची फरशी आणि मागचा फाळका पूर्ण नवा करून घेतला, कारण हे सुमोत नसतंच. पिकअपचं जे फक्त पिकअपचं असतं तिथं भावकीही हात वर करते.

केबिनची मागची काच हे त्यातलं अजून न सुटलेलं काम. टफन केलेली काच कापता येत नाही, फुटते, म्हणून दुसऱ्या गाडीची मोठी काच आणून कापायचा प्रश्न येत नाही. लॅमिनेटेड काच पुठ्ठ्याच्या मापानं कापून मिळते, ती सध्या बसवली आहे, पण तिच्याभोवतीचं रबर दुसऱ्याच गाडीचं असल्यामुळे वरच्या कोपऱ्यातून पाणी येतं आणि पावसाळ्यात माझी मान भिजते. तुमच्या गावात कुणाकडे २०६ कापायला निघाली तर बाकी सगळं तुम्ही घ्या, मला मागचं रबर ठेवा. दोरी घालून सावकाश काढा, कटर लावू नका.