पायलटला विचारलंत का?

अजाईल, म्हणजे वापरणाऱ्याला विचारत सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत जायची पद्धत, म्हटलं की लोक आधी स्प्रिंट (कामाचा एक टप्पा) किती आठवड्यांचा, ते विचारतात. मी एम्बेडेड, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या, सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमधली बाई, माझी चौकशी वेगळी असते: बनवलेलं वापरणाऱ्याच्या हातात कधी पडतं, आणि तो वैतागला तर ते कोणाला कळतं?

अमेरिकी हवाई दलाचंच बघा. कतारमधल्या अल उदैद तळावर, हवेत इंधन भरणारी टँकर विमानं कुठल्या विमानाला कधी गाठणार याचं नियोजन २०१६ मध्येही चक्क पांढऱ्या फळ्यावर चालायचं. ती सगळी यंत्रणा बदलणारा मोठा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडलेला. मग एका लहान टीमने, नियोजन करणाऱ्यांशी सतत बोलत, काही महिन्यांत फक्त टँकरपुरतं एक अ‍ॅप केलं. २०१७ मध्ये ते वापरात आलं आणि टँकरच्या फेऱ्या वाचू लागल्या. ‘केसेल रन’ ही हवाई दलाची सॉफ्टवेअर फॅक्टरी, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी शाखा, उभी राहिली ती याच कामातून.

पण ते पडलं नियोजनाचं अ‍ॅप. बिघडलं तर फळा होताच.

एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानात फळा नाही. तिथे दर सहा महिन्यांनी नवं सॉफ्टवेअर द्यायचं ठरलं. वेळापत्रक दिसायला अजाईल, पण त्यात ठरलेल्या क्षमता पुढे ढकलल्या जात राहिल्या. पुढे टीआर-३ हे नवं हार्डवेअर आणि त्याचं सॉफ्टवेअर वेळेत जमेना, म्हणून जुलै २०२३ पासून जवळपास वर्षभर त्या विमानांचा ताबा घेणंच थांबवलं. पुन्हा घेतला तोही अपुऱ्या सॉफ्टवेअरसह. तारीख पाळण्यासाठी फीचर कापणं मी खूप पाहिलंय. त्याला अजाईल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

साब या स्वीडिश कंपनीने आपल्या ग्रिपेन ई या लढाऊ विमानासाठी काढलेली वाट मला जास्त पटते. उड्डाणाला आवश्यक सॉफ्टवेअर आणि मोहिमेचं सॉफ्टवेअर त्यांनी वेगळं ठेवलं. रडारचं चित्र वैमानिकाला कसं दिसावं, हे बदललं म्हणून विमान हवेत टिकवणारा कोड पुन्हा मुळापासून प्रमाणित करावा लागत नाही. हा निर्णय आराखड्याच्या वेळीच घ्यावा लागतो. नंतर स्क्रम मास्टर (टीमला अजाईलची शिस्त लावणारा माणूस) आणून भागत नाही.

खरेदीचे नियमही बदलताहेत. २०२० मध्ये पेंटॅगॉनने सॉफ्टवेअरसाठी वेगळी खरेदीपद्धत आणली: वर्षभरात काहीतरी वापरता येण्याजोगं द्या, नंतरही निदान दरवर्षी देत राहा. तिच्यात एम्बेडेडसाठीही स्वतंत्र वाट आहे. छान. फक्त त्या वाटेवर प्रत्येक बदल खऱ्या हार्डवेअरवर चालवून बघावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे टेस्ट बेंच, म्हणजे ते हार्डवेअर मांडलेले चाचणीचे संच, कायम कमी असतात. बेंचसाठी दहा टीम रांगेत उभ्या असतील तर स्प्रिंट दोन आठवड्यांचा काय नि दोन महिन्यांचा काय! मला विचाराल तर कंत्राटातला पहिला पैसा बेंचवर घाला आणि दुसरा, त्या बेंचवर वैमानिकाला आणून बसवण्यावर.