मण्यांविना अबॅकस

पुण्या-ठाण्यात ‘अबॅकस’ म्हटलं की क्लासची पाटी आठवते: रंगीत मणी आणि हवेत बोटं नाचवत फटाफट बेरजा सांगणारी पोरं. इथे अथेन्समध्ये मी पाहिलेल्या अबॅकसला एकही मणी नाही. ती संगमरवराची फरशी आहे, सुमारे दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. 1846 मध्ये सालामिस बेटावर सापडली, आता शिलालेख संग्रहालयात आहे. हे संग्रहालय राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या इमारतीतच, पण दार वेगळं. त्यामुळे बहुतेक पर्यटक शेजारचे सोन्याचे मुखवटे बघतात आणि परस्पर कॉफी प्यायला जातात.

फरशीवर समांतर रेघा आणि कडेला ग्रीक आकड्यांची चिन्हं कोरलेली आहेत. रेघांवर खडे मांडायचे, सरकवायचे, झाला हिशोब. खडे सगळे सारखेच. किंमत ठरणार ती जागेवरून. जुन्या ग्रीक चलनात एक टॅलंट म्हणजे 6000 द्राख्मा, एका द्राख्माचे 6 ओबोल आणि एका ओबोलचे 8 खाल्कोस. रुपये-आणे-पैचा हिशोब केलेल्या आजोबांना हे सहज जमलं असतं. इतिहासकार पॉलिबियस म्हणतो, राजाचे दरबारी या खड्यांसारखे: मांडणाऱ्याच्या मर्जीने आत्ता खाल्कोस, तर घटकाभरात टॅलंट. मी गुणाकार करून पाहिला. एका टॅलंटचे 2,88,000 खाल्कोस होतात! (दरबार कुठलेही घ्या, दर फारसा बदललेला नाही.)

खांबाच्या डोक्यावरच्या फरशीलाही अबॅकसच म्हणतात. ती बघायला मी पाहुण्यांना प्राचीन अगोरातल्या (जुन्या बाजारचौकातल्या) अत्तालोसच्या स्तोआत, म्हणजे खांबांच्या लांबलचक ओसरीत, नेते. मूळ इमारत इ. स. पू. दुसऱ्या शतकातली, 1950 च्या दशकात पुन्हा उभारलेली. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर 21 दुकानं, म्हणजे त्या काळचा मॉलच. बाहेरचे खालचे खांब डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक शैलीचे. गोल खांब वर जाऊन उशीसारखा फुगतो आणि त्यावर चौकोनी, कोरी फरशी बसते. गोल खांबावर सरळ तुळई टेकायची तर मध्ये असं काहीतरी हवंच. उशी आणि फरशी एकाच दगडातून कोरतात. नक्षी काहीही नाही आणि मला तेच आवडतं.

कोरिंथियन या दुसऱ्या ग्रीक शैलीच्या खांबाचा अबॅकस नटवा, चारही बाजू आत वळलेल्या. रोमन वास्तुकार विट्रुवियसने त्याची गोष्ट सांगितलीय: एका मुलीच्या थडग्यावर दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून ठेवल्या, वर कौल झाकलं. खालून अकँथस नावाच्या झाडाची पानं फुटली, कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. शिल्पकार कॅलिमाकसने ते पाहिलं आणि दगडात उतरवलं. ते कौल म्हणजे अबॅकस. खरं-खोटं देव जाणे, गोष्ट झकास आहे.

आणि तुमच्या खिशातही एक अबॅकस आहे बरं का. रुपयाच्या नाण्यावर सारनाथचे सिंह ज्या पट्ट्यावर उभे आहेत, मध्ये चक्र, एका बाजूला बैल, दुसरीकडे घोडा, त्यालाही वास्तुकलेत अबॅकसच म्हणतात. फक्त तो चौकोनी नाही, गोल आहे.