शिक्षकांची पदरमोड

शाळेच्या कार्यक्रमासाठी शिक्षकांकडूनही वर्गणी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालक संघाचं खजिनदारपद सोडून मला बरीच वर्षं झाली, मुलंही शाळेतून कधीच बाहेर पडली, पण हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. कुठल्यातरी शाळेत कार्यक्रम ठरतो, खर्चाचा मेळ बसेनासा होतो आणि मग कोणीतरी माझा नंबर मिळवून फोन करतं. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की मूळ मुद्दा येतो. "यंदा शिक्षकांनाही थोडी वर्गणी लावावी म्हणतोय. फूल ना फुलाची पाकळी. काय हरकत आहे? कार्यक्रम त्यांचाही आहेच की."

लावू नका, असं मी सांगते. समोरचा हिरमुसतो. त्याला 'हो' ऐकायचं असतं आणि ते एका माजी खजिनदाराकडून आलं तर सभेत सांगायला बरं पडतं. मला त्याचा राग येत नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. सभेत नुसतं सुचवून थांबले नव्हते, यादी करून भिंतीवर लावली होती.

शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाच्या शेजारी. नाव, रक्कम, सही असे तीन रकाने. वर मी 'ऐच्छिक' असं लिहिलं आणि शब्दाखाली दोनदा रेघ ओढली, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. पहिलं नाव मुख्याध्यापकांचं. त्यांनी सढळ हाताने आकडा टाकला आणि सही केली. झालं, खालच्या प्रत्येकाला आपला आकडा त्या पहिल्या आकड्याकडे बघूनच टाकावा लागला. जास्त टाकला तर साहेबांच्या वर जायचं, फारच कमी टाकला तर सगळ्या खोलीच्या डोळ्यांत यायचं. 'ऐच्छिक'मधली इच्छा पहिल्याच ओळीवर संपली होती.

चार दिवसांनी एकच जागा रिकामी राहिली. नुकत्याच लागलेल्या, तासांवर शिकवणाऱ्या एका बाईंची. माझ्या मुलीच्या वर्गाला त्या भाषा शिकवायच्या. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि हसत हसत म्हणाले, "बाई, तुमचंच नाव राहिलंय हं." त्या पटकन म्हणाल्या, "अय्या, विसरलेच मी." दुसऱ्या दिवशी पैसे आले.

त्या विसरल्या नव्हत्या. तेव्हा मला हे कळलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे, पण थोडंसं कळलं होतं. यादी पूर्ण झाल्याच्या आनंदात मी ते बाजूला सारलं. वर्षअखेरीला त्या शाळा सोडून गेल्या. ते पैसे परत करायचं मला सुचलं तेव्हा त्या कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझं सगळं म्हणणं त्या जिन्यात आहे. पैसे देण्यात काही वाईट नाही. प्रश्न आहे तो 'नाही' म्हणता येण्याचा. मी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीची आई होते, पालक संघाची पदाधिकारी होते, मुख्याध्यापकांच्या खोलीत माझी ऊठबस होती. त्यांची नोकरी पुढच्या वर्षी राहणार की नाही हे ठरवणाऱ्या लोकांशी मी रोज बोलत होते. अशा बाईने जिन्यात अडवून हसत मागितलेल्या पैशाला 'नाही' कोण म्हणेल? उलट बाजूने बघा. वर्गशिक्षकाने आपल्यापुढे वर्गणीची वही धरली तर आपल्याला कसं वाटतं? मुलाचे गुण त्यांच्या हातात आहेत, हे मनात येतंच. तीच भीड त्यांनाही असते. भिडेखातर आलेल्या पैशाला वर्गणी म्हणायची माझी तयारी नाही.

पगाराचा मुद्दा निघतोच. "त्यांना पगार मिळतो ना?" मिळतो. तुम्हालाही मिळतो. तुमच्या कचेरीत येणाऱ्या लोकांनी आपला समारंभ ठरवून त्याची वर्गणी तुमच्या टेबलावर लावली तर तुम्ही काय म्हणाल, ते मला कळवा.

दुसरा मुद्दा जरा वजनदार आहे, कारण तो नावातूनच येतो. पालक-शिक्षक संघ म्हटलं की शिक्षकही सभासद, आणि सभासदाने वाटा उचलायचा. अमेरिकेतली अशा संघांची राष्ट्रीय संघटना 1897 साली सुरू झाली ती मातांची परिषद म्हणून. शिक्षक हा शब्द तिच्या नावात नंतर आला. म्हणजे ही मंडळी आधी जमली ती पालक म्हणून, आणि शिक्षकांना आपण नंतर आत बोलावलं. बोलावलेल्या माणसाला सभासदत्वाचं शुल्क विचारावं, सगळ्यांना सारखं आणि तेही मनात असेल तर. त्याबद्दल माझं भांडण नाही. पण सभासदत्व आणि कार्यक्रमाचा खर्च ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात नाव घातलं म्हणून दुसऱ्यात आपोआप हात घालता येत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. 'शिक्षकांनीही द्यावं' असं म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की आत्ता ते देत नाहीत. मीही तिसऱ्या वर्षापर्यंत तसंच धरून चालले होते.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शन आणि वार्षिक संमेलन लागोपाठ आले. दोन्ही पार पडले आणि माझ्या वहीत चक्क शिल्लक उरली. सभेत मी जमाखर्च वाचला, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी 'काटकसर' हा शब्द किमान तीनदा वापरला आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं. मी सुखावले, हे कबूल करते. आठवड्याने उरलेलं सामान गोळा करायला मी एका वर्गात गेले. बाई कपाट आवरत होत्या. खणात रबरबँड लावलेला कागदांचा एक गठ्ठा होता. पुठ्ठा, रंग, कापड, झेरॉक्स, बॅटरीचे सेल, सामान आणायचं भाडं. सगळ्या आमच्याच दोन कार्यक्रमांच्या पावत्या.

"या दिल्या नाहीत तुम्ही?"

"अहो, किरकोळ आहेत. त्या फॉर्मवर आधी आमची सही, मग मुख्याध्यापकांची, मग अध्यक्षांची, मग तुमची. तुम्ही शाळेत येता त्या वारी नेमका माझा तास असतो. राहूनच जातं."

फॉर्म मीच तयार केला होता. पैशाचा प्रश्न आहे, शिस्त हवी, म्हणून चार सह्या.

पुढचे दोन आठवडे मी वही घेऊन वर्गावर्गात फिरले. जवळजवळ प्रत्येकाकडे असं काहीतरी होतं. काहींनी पावत्या जपल्या होत्या, काहींनी टाकून दिल्या होत्या आणि आकडे आठवून सांगितले. एका सरांनी तर नाटकातल्या सिंहासनासाठी घरची खुर्ची आणली होती. ती मोडली, आणि त्यांनी घरी काय सांगितलं हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी बेरीज केली. टाळ्या मिळवून गेलेली माझी शिल्लक त्या बेरजेला पुरली नसती. आम्ही तोट्यात होतो आणि तो तोटा शिक्षकांनी गुपचूप भरला होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आम्ही उदार झालो होतो, काटकसरीही झालो होतो.

हे काही एका शाळेचं कौतुक किंवा दुर्दैव नाही. अमेरिकेच्या शिक्षणविषयक सरकारी आकडेवारीत 2014-15 या शालेय वर्षाची नोंद आहे. तिथल्या सरकारी शाळांतल्या 94 टक्के शिक्षकांनी वर्गातल्या साहित्यासाठी स्वतःचे पैसे घातले आणि ते त्यांना परत मिळाले नाहीत. घालणाऱ्यांची सरासरी होती 479 डॉलर. लक्षात घ्या, हा रोजच्या वर्गाचा खर्च आहे. त्यावर कार्यक्रमाची वर्गणी लावायची म्हणजे काय ते तुम्हीच बघा. तिथल्या आयकराच्या कायद्यात 2002 पासून शिक्षकांना अशा खर्चाची उत्पन्नातून वजावट मिळते. आधी मर्यादा 250 डॉलर होती, 2022 साली ती 300 झाली. मला यात गंमत वाटते. पदरमोड थांबवण्याऐवजी तिच्यासाठी फॉर्मवर एक ओळ काढून दिली. माझ्या चार सह्यांच्या फॉर्मचे हे थोरले भाऊच म्हणायचे.

आणि हे फक्त पैशाचं झालं. एका वर्षी मी सहज तालमींचा हिशेब मांडला. तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, शाळा सुटल्यावर दीड तास. एका शिक्षकाचे साडेबावीस तास झाले. सहा शिक्षक होते, म्हणजे 135 तास. याची पावती कुठल्या फाइलला लावायची?

काही संघांत तर शिक्षकांकडून प्रवेशाचं तिकीटही घेतात. दाराशी उभं राहून गर्दी आवरायची, रडणारं पोर सांभाळायचं, पडदा ओढायचा, आणि त्यासाठी तिकीट काढायचं. सोडतीच्या तिकिटांचं पुस्तक हा आणखी एक प्रकार. प्रत्येक शिक्षकाला एक पुस्तक द्यायचं, विकून आणा म्हणायचं, आणि न खपलेली तिकिटं परत घ्यायची नाहीत. नाव विक्रीचं, पण शेवटची दहा तिकिटं कोण विकत घेतं हे सगळ्यांना माहीत असतं. शिक्षकांच्या सत्कारासाठी शिक्षकांकडून पैसे जमवल्याचंही मी ऐकलंय. त्यावर मी काही बोलत नाही.

मग मी यादी बंद केली. यापुढे शिक्षकांकडे मागायचं नाही, असा ठरावच करून घेतला. मला वाटलं, आता शिक्षकांच्या खोलीत माझं स्वागत होईल. झालं भलतंच. एक ज्येष्ठ सर थेट माझ्याकडे आले. "इतकी वर्षं मी देत आलो. आता तुम्ही आम्हाला परकं केलंत. ही शाळा आमची नाही का?" ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त अवघड असतं. मी भिडेचा मुद्दा समजावून सांगितला. ते म्हणाले, "मला कोणाची भीड नाही." त्यांना नव्हतीच. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तिघांना होती, पण ते तोंडावर कसं म्हणणार?

शेवटी दाराशी एक बंद पेटी ठेवली. पालक, शिक्षक, शिपाई, पाहुणे, कोणीही टाका किंवा टाकू नका. नाव नाही, पावती नाही, आकडा वाचून दाखवणं नाही. सरांनी त्यात काही टाकलं की नाही मला माहीत नाही, आणि मला ते माहीत नसणं हाच त्या पेटीचा उपयोग. तरी सर माझ्याशी पूर्वीसारखे बोलले नाहीत. तेवढं मला लागून राहिलं.

आणखी एक बाई होत्या. दरवर्षी एखाद्या मुलाचा पोशाख किंवा बूट त्या गुपचूप आणायच्या. पोराला वाटायचं शाळेने दिलं. मी एकदा जमाखर्चात ती नोंद करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा विषय काढला नाही. असल्या गोष्टींच्या वाटेला पालक संघाने जाऊ नये. त्यांचं कौतुकही करू नये, कारण एकीचं कौतुक सभेत झालं की दुसऱ्या वर्षी ते बाकीच्यांचं कर्तव्य होऊन बसतं.

बाकी आम्ही जे केलं ते साधं होतं. कार्यक्रमाआधी प्रत्येक वर्गाच्या पाकिटात उचल ठेवायची, म्हणजे शिक्षकाला आधी स्वतःच्या खिशात हात घालावाच लागत नाही. चार सह्यांच्या जागी एक. पावती हरवली तर ठरलेल्या रकमेपर्यंत शिक्षकाची चिठ्ठी चालेल. (यावरून एका पालकाने माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं. ज्यांच्या हाती आपण दिवसभर पोर सोपवतो त्यांच्या चिठ्ठीवर सेलचे पैसे सोडवत नाहीत, असं मी म्हणाले. सभेच्या इतिवृत्तात ते लिहिलं गेलं नाही.) आणि पाकिटापेक्षा जास्त खर्च झाला तर तो आठवड्याच्या आत परत द्यायचा. वर्गात जाऊन द्यायचा, त्यांना माझ्या दारी बोलवायचं नाही.

खर्च कोणाचा, यासाठी मी एक फूटपट्टी धरली. जो कार्यक्रम शाळेच्या वेळापत्रकात आहे आणि ज्याला मुलांना यावंच लागतं, तो शाळेचा. त्याचे पैसे संस्थेने द्यावेत. जो पालकांना हौस आहे म्हणून होतो तो पालकांचा. मधले बरेच असतात आणि त्यावरून दर वर्षी वाद झाले. संस्थेलाही आपला खर्च आमच्याकडे सरकवायची चांगली सवय होती. पण त्या वादात एक बाजू पालकांची आणि दुसरी संस्थेची होती. तिथे शिक्षकाच्या पाकिटाला जागाच नव्हती.

इतकं ऐकल्यावर फोनवरचा माणूस शेवटचं विचारतो, "आणि तरी पैसे कमी पडले तर?"

आम्हाला पडले. पाचव्या वर्षी. भाड्याचे दिवे, मागचा रंगीत पडदा आणि ध्वनियंत्रणा, तिन्ही रद्द केलं. कार्यक्रम सकाळी, शाळेच्या पटांगणात घेतला. दोन पालकांनी तक्रार केली की फोटोंत सगळ्या मुलांचे डोळे मिटलेले आहेत. तक्रार रास्त होती, व्यासपीठाचं तोंड पूर्वेला होतं. पुढच्या वर्षी आम्ही ते पश्चिमेला फिरवलं.