आधी कोण उमलणार?

नागपुरात पारा ४५ अंशांकडे निघाला की सिव्हिल लाइन्समधले बहावे अंगभर पिवळे होतात. फोटो सगळेच काढतात. पण एखादा घोस हातात धरून बघावा. देठाकडची फुलं पूर्ण उमललेली, मधली अर्धवट आणि टोकाला नुसत्या हिरव्या गोळ्या. घोस लोंबता, म्हणून थोरली मंडळी वर आणि धाकटी खाली, एवढंच. टोक वाढत राहतं, कळ्या धरत राहतं. वनस्पतिशास्त्रात हा अकुंठित फुलोरा. निशिगंधाची काडी याच चालीची. सीताबर्डीवर फुलं घेताना खालची एक-दोनच उमललेली काडी निवडावी, बाकीच्या कळ्या घरी फुलदाणीत पाळीपाळीनं उघडतात.

झेंडू मात्र चक्क फसवतो. दसऱ्याला आपण किलोनं आणतो, ते एक फूल नसतंच. एकाच बैठकीवर दाटीनं बसलेली ती कितीतरी फुलं. तोरण ओवताना एक पाकळी मुळापासून उपटून बघा. तळाशी काडीसारखा बारीक बीजकोश चिकटलेला दिसेल. म्हणजे ती पाकळीच एक आख्खं फूल!

माझा खरा जीव कुंडीतल्या सांबारावर, म्हणजे पुण्यामुंबईच्या कोथिंबिरीवर. तो फुलावर आला की घरचे म्हणतात, गेला आता, उपटून टाक. मी टाकू देत नाही. एका बिंदूतून निघालेल्या काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री. भिंगातून पाहिलं तर गंमत कळते: कडेच्या फुलांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्याच तेवढ्या मोठ्या, आतल्या बाजूच्या बारक्या. मधल्या फुलांना असला नखरा नाही. किडामाशीला लांबून दिसायची जबाबदारी कडेच्यांनी घेतलेली.

मोगऱ्याचा हिशेब बहाव्याच्या उलट. फांदीच्या शेंड्यालाच कळी येते, बहुधा बाजूला आणखी दोन. मधली आधी उमलते आणि त्या फांदीची सरळ वाढ तिथेच संपते. हा कुंठित. म्हणूनच थंडी सरता सरता आई मोगऱ्यावर निर्दयपणे कात्री चालवते. मला आजही ते बघवत नाही. पण जितके नवे फुटवे, तितके शेंडे, आणि कळी शेंड्यालाच धरणार. "थांब ना, मे महिन्यात गजरे कोण मागतं ते बघू," म्हणत ती आणखी दोन फांद्या उडवते.