पहिला जोड फरम्यावर चढला तेव्हा

आज दिवसभर मुंबईच्या ठक्करबाप्पा कॉलनीतल्या एका छोट्या कारखान्यात बसून, गेले आठ महिने केवळ कागदावर असलेला माझा स्नीकर प्रत्यक्ष घडताना पाहिला. कारागीरकाकांनी अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, फरम्यावर (पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) ताणून बसवले, टाचेजवळची एक बारीक सुरकुती नखाने दाखवली आणि माप दोन मिलिमीटर जास्त झाल्याचे शांतपणे सांगितले. चूक माझीच होती. कापड ताणले जाते, याचा हिशेब पॅटर्न काढताना मी धरलाच नव्हता.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याची खरी कोंडी मात्र सोलपाशी होते, कारण प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो आणि तो खर्च झेपत नसल्याने आमच्यापैकी बरेच जण बाजारातला तयार सोल घेऊन सगळी हौस वरच्या भागावरच भागवतात. आशय भावे यांनी २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘थैली’ या स्नीकरच्या एका जोडात १० प्लास्टिक पिशव्या आणि १२ बाटल्या जिरतात, हे वाचून मी नोकरी सोडली होती. (घरी हे कारण अजून सांगितलेले नाही.)

सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास अजूनही ओढणीला येतो आहे. सुधारलेला पॅटर्न घेऊन गुरुवारी पुन्हा जायचे आहे.