‘आय ब्रॉट इट अप’

सकाळी औषधांच्या फेरीत कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, “ती गोळी ना, लव्ह... आय ब्रॉट इट अप.” मला वाटलं, गोळीचा विषय त्यांनी डॉक्टरांकडे काढला असेल. मान डोलावून मी पुढे निघाले, तर सोबतच्या हेल्थकेअर असिस्टंटने थांबवून चादरीकडे बोट दाखवलं. आजींना उलटी झाली होती. गोळी पोटात टिकलीच नव्हती.

मिरजेहून लीड्सला येऊन तेव्हा मला तीन आठवडे झाले होते. नर्सेससाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते. ‘व्हॉमिट’, ‘टॉलरेट’, ‘रॅश’ सगळं यायचं. पण दुखणाईत माणूस परीक्षेतलं बोलत नाही. फ्लू झाला की तो ‘कम डाऊन विथ’ म्हणतो, अंगावर पुरळ आलं की ‘कम आऊट इन’, भूल उतरली की ‘कम राउंड’, गोळ्या बंद केल्या की ‘कम ऑफ’.

आधी मी ‘कम’ची एक यादी केली, ‘गेट’ची एक. ड्युटीवर त्यातलं काहीच आठवेना. मग याद्या सोडल्या आणि खिशातल्या वहीत पेशंटचं अख्खं वाक्य लिहायला लागले, कुणी, कधी, कशावरून म्हटलं त्यासकट. तिथे हळूहळू उलगडलं. ‘कम आऊट इन अ रॅश’मधलं ‘आऊट’ क्रियापदाला चिकटतं, दोघांचा मिळून अर्थ होतो अंगावर फुटणं. ‘इन’ पुढच्या शब्दाचा हात धरतं: काय फुटलं, तर पुरळ. आपल्याकडेही पुरळ उठतंच की! ताप चढतो, भूल उतरते. यातलं उठणं-चढणं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय, की परक्यांना इंग्रजीत सगळ्यात जड जातं ते हेच, क्रियापदामागे असा छोटासा शब्द लागून अर्थ बदलणं. वाचून मला फार धीर आला.

‘इट’ कुठे बसवायचं, यावर मात्र बरेच दिवस गेले. ‘ब्रिंग इट अप’मध्ये ते मधे बसतं. ‘पुट अप विथ इट’मध्ये शेवटीच, कारण ते ‘विथ’चं आहे, ‘पुट इट अप विथ’ कुणी म्हणत नाही. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधलं ‘टू’सुद्धा असंच, म्हणून पुढे ‘गोइंग होम’ येतं. मी कितीतरी दिवस ‘गो होम’ म्हणत होते. शिवाय बोलताना जोर ‘अप’वर पडतो आणि ‘विथ’ जवळजवळ गिळलं जातं. कानाला ‘अप’ची सवय झाली, तेव्हा कुठे वाक्यं ओळखू यायला लागली.

चार महिन्यांनी खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा म्हणाले, “नॉट टू बॅड. आय कॅन पुट अप विथ इट.” नवी असताना मी ‘बरं आहे’ असं समजून पुढे गेले असते. पण ‘पुट अप विथ’ म्हणजे दुखणं आहेच, ते सोसतायत. आमच्याकडची वडीलधारी माणसंही असंच म्हणतात, “सोसवतंय गं.”

मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, दहापैकी किती?

ते जरा थांबले. म्हणाले, “आठ.”

मी त्यांचा औषधांचा तक्ता उघडला.